आदर्श वायू समीकरण आणि घरगुती गॅस सिलिंडर : एक विवेचन

प्रस्तावना : पदवीच्या प्रथम वर्षाच्या रसायनशास्त्रात वायूंचे नियम प्रारंभीच शिकविले जातात. बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला दाब व आकारमान यांचा संबंध, चार्ल्स यांचा नियम, अ‍ॅव्होगॅड्रो यांचे गृहीतक आणि या सर्वांना एकत्र आणणारे आदर्श वायू समीकरण विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते. मात्र हे समीकरण कोठे लागू पडत नाही, याचा विचार क्वचितच होतो. स्वयंपाकघरातील गॅस सिलिंडर निम्मा संपल्यावर आतील दाब किती राहील, असे वर्गात विचारले असता ‘निम्मा’ हेच उत्तर बहुधा मिळते. ते चुकीचे आहे. पण ही चूक उद्बोधक आहे.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम गॅस असतो व त्याची धारणक्षमता सुमारे ३३ लिटर असते. आतील मिश्रण प्रामुख्याने प्रोपेन (रेणुभार ४४) व ब्युटेन (रेणुभार ५८) यांचे. सरासरी रेणुभार ५१ मानल्यास सुमारे २७८ मोल होतात. आदर्श वायू समीकरणानुसार २७ अंश सेल्सिअस तापमानास त्यांचा दाब २०० वातावरणांहून अधिक यावयास हवा. प्रत्यक्षात तो मिश्रणातील प्रमाणानुसार अडीच ते दहा वातावरणांच्या दरम्यान असतो. तसे नसते, तर हा पातळ पत्र्याचा सिलिंडर घरात ठेवताच आला नसता.

या तफावतीचे कारण असे की, आदर्श वायूच्या कल्पनेत रेणूंना स्वतःचे आकारमान नाही व त्यांच्यात परस्पर आकर्षणही नाही. खऱ्या रेणूंमध्ये ही दोन्ही असतात, ही गोष्ट व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ मध्ये समीकरणात आणली. आकर्षणामुळेच दाबाखाली प्रोपेन व ब्युटेन द्रवरूप होतात. सिलिंडरमध्ये खाली द्रव आणि वर त्याचे संपृक्त बाष्प असते. शेगडी पेटली की बाष्प बाहेर पडते आणि तितकाच द्रव उकळून त्याची जागा घेतो. त्यामुळे द्रवाचा शेवटचा अंश असेपर्यंत दाब जवळजवळ स्थिर राहतो. तो तापमानावर अवलंबून असतो, शिल्लक साठ्यावर नव्हे. साठा कळावयाचा तर वजनच करावे लागते.

वाहनांतील सीएनजीची गोष्ट निराळी. मिथेनचे क्रांतिक तापमान उणे ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्याहून अधिक तापमानास कितीही दाब दिला तरी वायू द्रवरूप होत नाही, हे अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या संदर्भात दाखविले होते. म्हणून सीएनजी सुमारे २०० वातावरणे दाबाने जाड टाकीत भरतात, आणि तेथे मात्र दाबमापकावरून शिल्लक साठा कळतो.

गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करण्याची सवय अनेक घरांत आढळते. उभ्या सिलिंडरमधून केवळ बाष्प बाहेर येते. आडव्या सिलिंडरमधून द्रवच नळीत शिरू शकतो. त्या द्रवाचे वायूत रूपांतर होताना आकारमान सुमारे अडीचशे पट वाढते आणि ज्योत आवाक्याबाहेर भडकते. शिवाय हा वायू हवेच्या दीड ते दोन पट जड असल्याने, न जळलेला भाग वर न जाता जमिनीलगत साचून राहतो.