चिखलदऱ्याला बर्फ का पडत नाही?

दोन आकडे नीट पाहा. आपल्या विदर्भातील चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे. फ्रान्समध्ये आल्प्स पर्वताच्या कुशीत शामोनी नावाचे गाव आहे. त्याची उंची सुमारे १,०३५ मीटर. म्हणजे आपला चिखलदराच थोडा उंच! तरीही पहिल्या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा १९२४ साली झाल्या त्या शामोनीला. पायांना स्की नावाच्या लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्यासाठी आजही तेथे देशोदेशीचे लोक येतात. चिखलदऱ्याला धुके मिळते, पाऊस मिळतो, कडाक्याची थंडीही मिळते. बर्फ मात्र मिळत नाही. असे का बरे?

वर जावे तसे थंड

सायकलच्या फुगलेल्या ट्यूबमधील हवा सोडा आणि वाल्वपाशी बोट धरा. बाहेर पडणारी हवा गार लागते. दाबून भरलेली हवा मोकळी होताच प्रसरण पावते आणि प्रसरणासाठी लागणारी शक्ती ती स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते. जमिनीजवळची हवा वर चढते तेव्हा हेच घडते. वर हवेचा दाब कमी असतो. म्हणून ती पसरते आणि थंड होते. सरासरीने पाहिले तर दर किलोमीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते.

आता एक गणित करू या. समजा, बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रम येथे दुपारचे तापमान ३० अंश आहे. शून्य अंश गाठायला किती वर जावे लागेल? ३० ला ६.५ ने भागा. उत्तर येते सुमारे ४.६ किलोमीटर. म्हणजे गावाच्या डोक्यावर, साडेचार-पावणेपाच किलोमीटरवर, एक अदृश्य रेषा आहे. तिच्या वर पाणी गोठू शकते. हिला आपण ‘शून्याची रेषा’ म्हणू.

ही रेषा डोळ्यांना दिसत नसली तरी तिचा पुरावा तुमच्या अंगणात पडतो. तो म्हणजे गारा! ढगातील जोरदार वारे पाण्याचे थेंब शून्याच्या रेषेच्या वर उचलून नेतात. तेथे त्यांची गार बनते आणि तिच्यावर बर्फाचे थर चढत जातात. वाऱ्याला भार पेलेनासा झाला की ती खाली कोसळते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेल्या गारपिटीने उभी पिके झोडपून काढली होती. इतकेच नव्हे, पावसाळ्यातील उंच ढगांतून येणारे कितीतरी थेंब वरून निघताना हिमकणच असतात. वाटेत वितळून ते आपल्यापर्यंत पाऊस म्हणून पोचतात. तेव्हा बर्फ आपल्यापासून फार दूर नाही, फक्त फार उंचावर आहे!

सूर्य तिरपा, रेषा खाली

मग शामोनीला ही रेषा इतकी खाली कशी? कारण शामोनी विषुववृत्तापासून खूप दूर, सुमारे ४६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवरा आश्रम सुमारे २० अंशांवर. २२ डिसेंबरला भर दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंश वर असतो; शामोनीला जेमतेम २० अंश. तिरपे किरण जास्त जागेवर पसरतात, म्हणून ऊब कमी मिळते. त्यातच आपला दिवस जवळजवळ अकरा तासांचा, तर तेथील पावणेनऊ तासांचा.

हिवाळ्यात शामोनीचे तापमान २ अंश असले, तर शून्याची रेषा गावापासून अवघ्या ३०० मीटरवर येते. आणखी थोडी थंडी पडली की ती गावाखाली उतरते आणि घरांच्या छपरांवर हिम साचते. उन्हाळ्यात तीच रेषा वर चढते आणि गावातील कुरणे हिरवी होतात. स्कीचे गाव म्हणजे दुसरे काय? जेथे ही रेषा दर हिवाळ्यात डोंगराला टेकते, ते गाव.

रेषा वर सरकते आहे

गेली काही दशके मात्र ही रेषा आपली जुनी जागा सोडू लागली आहे. कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला व पृथ्वी तापली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्स सुमारे २ अंशांनी तापला आहे. पुन्हा गणित करा. १,००० ला ६.५ ने भागले की कळते, एका अंशाला रेषा सुमारे १५० मीटर वर सरकते. दोन अंशांना ३०० मीटर. उंचावरच्या गावांना हे सोसते. पण कमी उंचीवरच्या गावांत हिमाऐवजी पाऊस पडतो. १९७१ ते २०१९ या काळात आल्प्समध्ये २,००० मीटरच्या खाली जमीन हिमाने झाकलेली राहण्याचे दिवस २२ ते ३४ ने घटले. काही गावांना आपले स्कीचे रोपवे कायमचे बंद करावे लागले. रोपवे बंद म्हणजे खाणावळ बंद, दुकान बंद, शिकवणाऱ्याची नोकरीही गेली.

शामोनीजवळच ‘मेर द ग्लास’, म्हणजे ‘बर्फाचा समुद्र’, या नावाची प्रसिद्ध हिमनदी आहे. १९८८ साली तेथे रोपवेचा पाळणा सुरू झाला, तेव्हा त्यातून उतरून हिमनदीवर जायला तीन पायऱ्या पुरत. पुढे बर्फ वितळून नदीचा पृष्ठभाग खचत गेला आणि पायऱ्या वाढत वाढत पाचशेच्या वर गेल्या! शेवटी २०२४ साली हिमनदीच्या वरच्या अंगाला नवा रोपवे सुरू करावा लागला. बर्फ गेला की खालचा काळा खडक उघडा पडतो. आपली काळी जमीन उन्हात कशी तापते, ते तुम्हांला ठाऊकच आहे. तसाच तो खडकही ऊन शोषून तापतो आणि शेजारचा बर्फ अधिक लवकर वितळवतो.

मग यंत्राने बर्फ पाडता येणार नाही का? पाडतात की! यंत्र पाण्याचे बारीक तुषार थंड हवेत उडवते व ते गोठून खाली पडतात. येथे तुमच्या माठाचा नियम उपयोगी पडतो. तुषारांचे थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि उरलेले पाणी गार होते. हवा कोरडी असेल तर काम सोपे, दमट असेल तर कठीण. पण हवाच पुरेशी थंड नसेल तर यंत्रही हात टेकते. शिवाय त्याला पाणी लागते आणि वीजही.

आपल्या देशातही अशी ठिकाणे आहेत. काश्मीरमधील गुलमर्गला फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हायच्या हिवाळी क्रीडा स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. मात्र एका वर्षावरून निकाल देऊ नये. हिम पडायला थंडीबरोबर बाष्पही लागते, आणि एखाद्या हिवाळ्यात तेच कमी येते. बदल खरा की तात्पुरता, हे अनेक वर्षांच्या नोंदीच सांगतात. आल्प्सविषयी आज इतके खात्रीने बोलता येते, कारण तेथील लोकांनी कित्येक पिढ्या रोज हिमाची जाडी मोजून लिहून ठेवली.

असे काम तुम्हांलाही करता येईल. एक तापमापक सावलीत, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच टांगा. रोज दुपारी तीन वाजता तापमान पाहा, त्याला ६.५ ने भागा आणि उत्तर वहीत तारखेसह लिहा. वर्षभराच्या नोंदींचा आलेख काढा. तुमच्या गावावरची शून्याची रेषा मे महिन्यात किती वर जाते आणि जानेवारीत किती खाली येते, याचा अंदाज तुमच्याच हाताने कागदावर उमटेल. वर्ष संपले तरी वही मात्र बंद करू नका. पुढच्या वर्गाच्या मुलांकडे सोपवा.