दस्त्यातले तीन सैल ठोकळे

आखूड नळीच्या एआर-१५ रायफलीच्या दस्त्यात बोटभर लांबीचा एक दंडगोल असतो. त्याचं नाव बफर. बाहेर काढून हलवला तर खुळखुळतो. आत काही सुटलंय का? छे! धातूचे तीन ठोकळे तिथे मुद्दाम सैल ठेवलेत, आणि अख्ख्या रायफलीची लय ते सांभाळतात.

गोळी सुटताना तिच्यामागचा थोडा तप्त वायू बारीक नळीतून मागे वळतो आणि बोल्टला ढकलतो. बोल्ट मागे जाताना रिकामी पुंगळी ओढून फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुढे लोटते आणि तो नवं काडतूस चेंबरमध्ये सारतो. सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत! पण स्फोटाच्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरला चिकटलेली असते. ती आकसायच्या आत ओढली तर तिची कडाच उखडते आणि रायफल अडते. म्हणून बोल्टच्या मागे बफरचं वजन हवं. जड वस्तू जागची हलायला वेळ लावते, आणि तेवढी क्षणभराची उसंत पुरते.

पण ठोकळे सैल कशाला? धाडकन लोटलेलं दार चौकटीवर आपटून पुन्हा किलकिलं होतं ना, तसा पुढे आदळलेला बोल्टही उसळू पाहतो. नेमके तेव्हाच मागे रेंगाळलेले ठोकळे येऊन धडकतात आणि त्याला दाबून धरतात. उशिरा पोचणं हेच त्यांचं काम!

व्हिएतनाम युद्धात याचं मोल कळलं. १९६४ मध्ये एम-१६ च्या, म्हणजे एआर-१५ च्या लष्करी रूपाच्या, काडतुसांतली दारू बदलली, रायफल फार वेगाने चालू लागली आणि अडू लागली. ती अडायला इतरही कारणं होती. पण वेग आवरायला सैल वजनांचा जड बफर आला.

आखूड रायफलीत वायू चेंबरच्या जवळून घेतात, त्यामुळे बोल्ट आणखी घाईत असतो. बफर जड हवा, पण जागा तर तोकडी! तोडगा काय सुंदर आहे बघा: आकार तोच ठेवायचा, पोलादी ठोकळा काढून टंगस्टनचा घालायचा. टंगस्टन पोलादाच्या जवळजवळ अडीचपट जड. तिन्ही ठोकळे पोलादी असले तर बफर साधारण ८५ ग्रॅमचा. एकेक बदलत गेलं की १०८, १३०, १५३.

मग सरळ सर्वांत जडच का घेऊ नये? कारण अति जड बफर बोल्टला पुरता मागे जाऊच देत नाही आणि पुढचं काडतूस उचललं जात नाही. मवाळातल्या मवाळ काडतुसावरही रायफल न अडता चालेल, अशा बफरांपैकी सर्वांत जड तो योग्य. पुंगळ्यांवरूनही अंदाज येतो: त्या पुढच्या बाजूला उडत असतील तर बोल्ट बहुधा घाईत आहे, मागे, जवळच गळत असतील तर मंद.