दादाचं डोकं गायब करा!

आज एक डोकं उडवायचं आहे. तलवार नको, जादूची कांडी नको. फक्त एक दादा किंवा ताई हवी, आणि तीही न हलता उभी राहणारी. (प्रयोगातलं सगळ्यात अवघड काम हेच.)

दादाला भिंतीला टेकवून उभं करा. तुम्ही त्याच्यासमोर तीन मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर थांबा. तुमच्या डाव्या हाताला, दादाच्या नाकापासून साधारण 80 सेंटीमीटरवर आणि त्याच्या कपाळाच्या उंचीवर भिंतीला आईची एक टिकली चिकटवा. आता डावा डोळा तळहाताने झाका आणि उजव्या डोळ्याने फक्त टिकलीकडे बघा. दादा कडेने दिसत राहील, पण त्याच्याकडे बघायचं नाही. नजर टिकलीवरच ठेवून अर्धं-अर्धं पाऊल मागे-पुढे सरका. एक जागा अशी येईल की दादाचे खांदे दिसतायत, टी-शर्ट दिसतोय आणि मानेवर मात्र नुसती भिंत!

हा खेळ इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आपल्या दरबाऱ्यांवर करायचा, असं सांगतात. एक डोळा मिटायचा आणि बसल्या जागी कुणाचंही डोकं उडवायचं. चार्ल्सला त्यात गंमत कशी वाटायची कोण जाणे, कारण त्याच्या वडिलांचं डोकं 1649 मध्ये खरोखरच उडवलं होतं.

या खेळामागचा शोध मात्र राजाचा नाही, तो एद्म मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाचा. माणसांचे आणि प्राण्यांचे डोळे कापून बघताना त्याच्या लक्षात आलं, की मेंदूकडे जाणारी नस डोळ्याच्या मागच्या भागात बरोबर मध्ये नसते, नाकाच्या बाजूला थोडी सरकलेली असते. मग नेमका त्या नसेवरच उजेड पडला तर काय दिसेल? त्याने भिंतीवर कागदाचा एक गोल लावला, उजवीकडे जरा खाली दुसरा लावला, पहिल्यावर नजर रोखली आणि मागे मागे सरकत गेला. एका जागी दुसरा गोल साफ नाहीसा झाला. हे त्याने 1668 मध्ये छापून जाहीर केलं. गंमत अशी, की त्याचा प्रयोग बरोबर होता आणि निष्कर्ष चुकला! नस डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पसरते तिथेच दिसत नाही, म्हणजे आपल्याला पडद्याने दिसतच नसणार, तर त्याच्या मागच्या थराने दिसत असणार, असं त्याने ठरवून टाकलं. त्यावरून मग पुष्कळ वाद झाले.

खरी भानगड अशी आहे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. त्यात प्रकाश टिपणाऱ्या कोट्यवधी पेशी असतात. त्यांनी टिपलेलं मेंदूपर्यंत पोचवायला दहा लाखांहून जास्त बारीक तंतू आहेत, पण हे तंतू पडद्याच्या मागून न जाता पुढून जातात. मग त्यांना डोळ्याबाहेर पडायचं तर पडदा भेदूनच पडावं लागतं. जिथून ते सगळे बाहेर पडतात ती जागा जेमतेम दीड मिलिमीटर रुंद असते, आणि तिथे प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. हाच आपला अंधबिंदू.

ऑक्टोपसचं बरं आहे. त्याच्या डोळ्यातले तंतू पडद्याच्या मागच्या बाजूनेच निघतात, त्यामुळे त्याला अंधबिंदूच नाही. आठ हात आहेतच, वर हेही.

दीड मिलिमीटर ऐकून ‘एवढंसंच ना!’ म्हणू नका. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने हिशेब करून सांगितलं होतं, की आकाशात अकरा पूर्णचंद्र एका ओळीत ठेवले तरी ते या बिंदूत मावतील.

मग एवढं मोठं भोक घेऊन आपण सायकल चालवतो, कॅच पकडतो, ते कसं? दोन्ही डोळे उघडे असतील तर सोपं आहे. उजव्या डोळ्याला न दिसणारी जागा समोरच्या दृश्यात उजवीकडे असते, डाव्याला न दिसणारी डावीकडे. एकाला जे दिसत नाही ते दुसरा बघतो. पण एक डोळा मिटला तरी काळं भोक कुठे दिसतं?

आता रेघांची वही घ्या. पानावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटीमीटरवर हरभऱ्याएवढा लाल ठिपका रंगवा. डावा डोळा झाका, फुलीकडे बघत वही हळूहळू जवळ आणा. साधारण तीस सेंटीमीटरवर ठिपका जाईल. त्याच्या जागी काळं काही दिसतंय का? नाही. तिथे वहीच्या रेघा आहेत, सलग, जणू ठिपका कधी काढलाच नव्हता! जिथून काहीच माहिती आली नाही, तिथे मेंदूने आजूबाजूला बघून रफू करून टाकलं. दादाच्या मानेवर भिंत दिसली तीही याच कारागिराची करामत.

अंधबिंदू सगळ्यांनाच असतो, तो काही आजार नाही. पण आजारांमुळेही नजरेत अशी भोकं पडतात. कार्ल लॅशली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला अर्धशिशीचा त्रास होता. एकदा मित्राशी बोलता बोलता त्याने नजर जराशी बाजूला नेली आणि मित्राचं डोकंच गेलं! खांदे होते, टाय होता, आणि मागच्या वॉलपेपरवरचे उभे पट्टे थेट टायपर्यंत खाली आले होते. या वेळी भोक डोळ्यात नव्हतं, मेंदूत होतं. अर्धशिशीत कधीकधी मेंदूच्या बघण्याच्या भागावरून गडबडीची एक लाट सरकत जाते, आणि नजरेतल्या भोकाच्या कडेला चमचमत्या वाकड्यातिकड्या रेघा दिसतात. बहुतेक वेळा अर्ध्या तासात नजर ठीक होते. लॅशली घाबरून बसला नाही. त्याने आपल्या भोकाची चित्रं काढली, वेळ मोजली आणि 1941 मध्ये सांगितलं, की मेंदूत ही गडबड मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर सरकते. याला म्हणायचं शास्त्रज्ञ!

काचबिंदूचं मात्र तसं नाही. त्यात गेलेली नजर परत येत नाही. डोळ्यात एक पाणी सतत तयार होत असतं आणि बाहेर जात असतं. ते नीट बाहेर गेलं नाही की आत दाब वाढतो, आणि तंतू जिथून बाहेर पडतात नेमके तिथेच ते दबून मरायला लागतात. म्हणजे पुन्हा आपला अंधबिंदूच! डेन्मार्कचे डॉक्टर ब्येरुम आपल्या दवाखान्याच्या दाराची मागची बाजू पडद्यासारखी वापरायचे. रुग्णाला समोर बसवून त्या दारावर त्यांनी नजरेचे नकाशे काढले. 1889 मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की काचबिंदूत न दिसणारा पट्टा अंधबिंदूपासून निघून कमानीच्या आकारात पसरतो.

आणि मेंदू तिथेही रफू करत बसतो. बहुतेकांना दुखत नाही, काळं दिसत नाही. समोरचं वाचता येतं, टीव्ही दिसतो. फक्त बाजूने आलेली स्कूटर दिसत नाही, पायरी चुकते, आणि घरातले म्हणतात, ‘आजोबा हल्ली फार वेंधळे झालेत.’

डॉक्टर यासाठी ‘फील्ड टेस्ट’ करतात. मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडे बघायचं. इकडेतिकडे बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. यंत्र लबाडीही पकडतं, बरं का! मध्येच ते मुद्दाम तुमच्या अंधबिंदूवर दिवा लावतं. तेव्हा बटण दाबलंत तर त्याला कळतं, की तुमची नजर मधल्या दिव्यावरून हलली आहे.

तुमच्या वयाच्या मुलांना काचबिंदू क्वचितच होतो, पण नजरेच्या बरोबर मध्ये भोक पाडून घ्यायची एक सोय तुमच्याकडेही आहे: सूर्याकडे टक लावून बघणं. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे तो भाजताना काहीच दुखत नाही. 2 ऑगस्ट 2027 ला आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. ते ग्रहणाच्या खास चष्म्यातूनच बघा. साधा गॉगल, एक्स-रेची फिल्म असलं काही चालणार नाही.

आणि आज घरी एक काम करा. आजी-आजोबांना, चाळिशी ओलांडलेल्या आईबाबांनाही विचारा, “डोळ्यांचा दाब आणि नस शेवटची कधी तपासली?” ‘मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय की’ असं उत्तर आलं तर ते धरू नका, तो आजार वेगळा. घरात कुणाला काचबिंदू असेल, तर त्यांच्या भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यायला हवं. वेळेवर सापडला तर बहुतेक वेळा रोजच्या थेंबांनी तो आटोक्यात ठेवता येतो. ते थेंब रोज आठवणीने घालायला लावायचं काम तुमच्याकडे घ्या.