हात झोपतो, माणूस जागा

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की पेढी नदीच्या काठी वलगाव लागते. दिवाळीच्या सुमारास या भागात सोयाबीनची मळणी सुरू असते. थ्रेशरच्या तोंडात पीक सरकवताना हात आत ओढला जाण्याचे अपघात देशभर इतके वाढले होते, की १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

असा जखमी मजूर रुग्णालयात पोहोचतो तेव्हा बहुधा नुकताच जेवलेला असतो. पूर्ण भूल दिली तर खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया थांबते आणि पोटातले अन्न वर येऊन फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. दुखापतीनंतर पचनही मंदावते, त्यामुळे काही तास थांबूनही पोट रिकामे झाल्याची खात्री नसते. मग फक्त हातच झोपवला तर?

ते शक्य होते, कारण हाताच्या जवळजवळ सर्व चेता एका जुडग्यातून येतात. मानेच्या मेरुरज्जूची खालची चार आणि छातीचे पहिले अशी पाच चेतामुळे मानेतील दोन स्नायूंमधून बाहेर पडतात. ती एकमेकांत मिसळतात, पुन्हा फुटतात आणि पहिल्या बरगडीवरून काखेत उतरतात. हे 'ब्रेकियल प्लेक्सस' म्हणजे हाताची डीपीच. पण विजेची उपमा इथेच संपते. चेतेतला संदेश सोडियमचे आयन पेशीपटलातून आत शिरल्याने पुढे सरकतो. लिग्नोकेनसारखे औषध आयनांची ही वाट अडवते. चेता तुटत नाही. औषध रक्ताबरोबर वाहून गेले की हात जागा होतो.

कोपर दाराला आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या का जातात, हे वर्गात जरूर विचारावे असे आम्ही सुचवतो. कोपरामागून जाणारी ती चेता मुख्यतः सर्वांत खालच्या दोन मुळांतून येते. सुई मानेत दिली तर औषध वरच्या मुळांना चांगले भिनते, खांदा बधिर होतो. पण खालची मुळे पुष्कळदा जागीच राहतात. मग रुग्ण म्हणणार, "डॉक्टरसाहेब, करंगळीले टोचलेलं समजते ना!" म्हणून खांद्यासाठी मानेत आणि पंजासाठी कॉलरबोनच्या वर किंवा काखेत सुई देतात.

प्रत्येक जागेची जोखीम निराळी. मानेत श्वासपटलाची चेता जवळ असते. त्या बाजूचे श्वासपटल काही काळ लुळे पडते, आणि दमेकऱ्याला ते परवडत नाही. कॉलरबोनपाशी फुफ्फुसाचे टोक असते. काखेत फुफ्फुसाची भीती नाही, पण अंगठ्याकडच्या बाजूने मनगटापर्यंत संवेदना नेणारी एक चेता आधीच बाहेर पडलेली असते. तिला वेगळे इंजेक्शन लागते. औषध चुकून रक्तवाहिनीत गेले तर झटके येऊ शकतात, हा धोका तिन्हीकडे आहे.

१८८४ मध्ये कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. लगेच अमेरिकेत हॅल्स्टेडने चेता उघड्या करून त्यांवर तेच औषध वापरले. चिरा न देता, त्वचेतून सुई घालण्याच्या पद्धती १९११ मध्ये जर्मनीत आल्या. कुलेनकॅम्फने तर पहिला प्रयोग स्वतःवरच केला. आता अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर चेता, सुई आणि फुफ्फुस पाहत औषध सोडता येते.

मानेच्या शस्त्रक्रियेसाठी याच्याही वरच्या चेतांचे जाळे बधिर करतात. मेंदूकडे जाणारी धमनी साफ करताना रुग्ण जागा ठेवला, तर रक्त कमी पडताच त्याचे बोलणे अडखळते आणि शल्यचिकित्सकाला ते तेव्हाच कळते.

शस्त्रक्रियेनंतर हात काही तास झोळीत बांधून ठेवतात. घरच्यांनी तो चहाच्या गरम कपापासून आणि शेगडीपासून दूर ठेवावा. भाजले तरी रुग्णाला कळणार नाही.