उंचीचं नव्हे, वेगाचं काम

२०२५च्या जूनमध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचले. पडद्यावर ते तरंगताना दिसले की हमखास कुणीतरी म्हणायचं, ‘तिथं गुरुत्वाकर्षण नसतं ना!’ शिकलीसवरलेली माणसंही हे सहज बोलून जातात. पण हे साफ चूक आहे. एवढी एक चूक दुरुस्त झाली, तरी अंतराळप्रवासाचं निम्मं कोडं सुटतं.

स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे. मुंबई-गोवा रस्ता याहून लांब भरेल. तिथं पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असते. तेवढा उंच मनोरा बांधून वर वजनकाटा ठेवला, तर इथं ६० किलो भरणारा माणूस तिथं ५३ किलो भरेल. मनोऱ्यावर कुणीही तरंगणार नाही.

स्थानकातली माणसं तरंगतात, कारण ती स्थानकासकट सतत पडत असतात. स्थानक एका सेकंदात साडेसात किलोमीटरहून थोडं जास्त आडवं पुढं जातं आणि त्याच सेकंदात सुमारे सव्वाचार मीटर खाली पडतं. पृथ्वी गोल असल्यामुळे तेवढ्या अंतरात तिचा पृष्ठभागही सव्वाचार मीटरच खाली वळतो. पडणं चालूच राहतं, जमीन मात्र जवळ येत नाही. मला यापेक्षा सुंदर हिशेब भौतिकशास्त्रात क्वचितच भेटला आहे.

घरी करून बघा. प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडा, झाकण न लावता पाणी भरा. धार सुरू होईल. आता बाटली गच्चीतून खाली सोडून द्या (खाली कुणी नाही हे आधी पाहा). पडत असताना धार थांबते. गुरुत्वाकर्षण कुठंही गेलेलं नसतं. पाणी आणि बाटली एकाच वेगानं पडत असतात, एवढंच.

‘रॉकेट सरळ वर जातं’ हा त्याचाच जोडगैरसमज. सुरुवातीला ते सरळ चढतं खरं, पण ते दाट हवेतून लवकर बाहेर पडण्यासाठी. लगेच ते कलायला लागतं, आणि बरंचसं इंधन आडवा वेग मिळवण्यात जातं. पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरते. श्रीहरिकोट्यातून पूर्वेला सोडलेल्या रॉकेटला सेकंदाला साधारण ४५० मीटर वेग तिच्याकडून फुकट मिळतो. शिवाय रॉकेट मागच्या हवेला रेटून पुढं जात नाही. ते स्वतःच्या पोटातला वायू प्रचंड वेगानं मागं फेकतं आणि त्याच्या प्रतिक्रियेनं पुढं सरकतं. निर्वात पोकळीत ते उलट अधिक चांगलं चालतं.

आता चांद्रयान-३. १४ जुलै २०२३ला निघून ते २३ ऑगस्टला उतरलं, म्हणजे ४० दिवस. अपोलो-११ मात्र १९६९मध्ये सुमारे चार दिवसांत चंद्रावर टेकलं होतं. ‘आपलं तंत्रज्ञान मागासलेलं’ हा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला, आणि तो मला मनापासून खटकतो. अपोलोचं सॅटर्न-५ रॉकेट सुमारे २९०० टनांचं होतं, आपलं एलव्हीएम-३ सुमारे ६४० टनांचं. लहान रॉकेटनं यान पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं आणि तिथं फेऱ्या मारता मारता पुढचा वेग यानानं स्वतःच्या इंजिनानं टप्प्याटप्प्यानं वाढवला.

‘पृथ्वीनं यानाला गोफणीसारखं भिरकावलं’ हे वर्णनही चुकीचं. त्या फेऱ्यांमध्ये पृथ्वीनं यानाला आयता वेग दिला नाही. यान पृथ्वीच्या सर्वांत जवळ येई, तेव्हा त्याचा वेग सर्वाधिक असे. नेमक्या त्या वेळी इंजिन चालवलं की तेवढ्याच इंधनात ऊर्जा जास्त वाढते. १ ऑगस्टला ते चंद्राच्या वाटेला लागलं, ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरलं. उतरण्याचा दिवसही सोयीचा निवडलेला होता: तिथं नुकतीच सकाळ झाली होती आणि लँडरच्या सौर पट्ट्यांना पृथ्वीवरचे सुमारे १४ दिवस ऊन मिळणार होतं.

राहिला परतीचा प्रवास. यान हवेशी ‘घासून’ तापतं, असं म्हणतात. घर्षणाचा वाटा असतो, पण मोठा नव्हे. यानापुढची हवा बाजूला सरायला वेळच मिळत नाही; ती दाबली जाते आणि दाबल्यामुळे भयंकर तापते. म्हणूनच अंतराळवीरांना घेऊन परतणाऱ्या कुपीचा तळ टोकदार नसून बोथट, पसरट असतो. बोथट तळापुढं तापलेल्या हवेचा थर थोडा दूरच राहतो आणि बरीचशी उष्णता हवेतच विरते. १५ जुलै २०२५ला शुक्ला प्रशांत महासागरात उतरले, तेव्हा त्यांच्या कुपीचा जवळजवळ सगळा वेग या हवेनंच काढून घेतला होता. पॅराशूटना फक्त शेवटचा थोडासा वेग कमी करायचा होता.