गणिताचा प्रकल्प : कागदावरचा आणि डोक्यातला

शाळेने गणिताचा प्रकल्प दिला की बऱ्याच घरांत पुढचा क्रम ठरलेला असतो. आदल्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात धावपळ, बाबांचे प्रिंटआउट, आईने कोरलेली अक्षरे. प्रकल्पाला पैकीच्या पैकी गुण मिळतात. पण त्यातले गणित विचारले की मूल आईकडे पाहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवातून शिकण्यावर भर दिला आहे. त्यामुळे एक प्रश्न रोखठोक विचारायला हवा : प्रकल्पांमुळे गणित खरोखर सुधारते का?

इंग्लंडमधील जो बोलर या संशोधिकेने १९९० च्या दशकात दोन शाळांतील सुमारे ३०० मुलांचा तीन वर्षे मागोवा घेतला. सुरुवातीला दोन्हीकडची मुले साधारण सारख्याच कुवतीची आणि परिस्थितीची होती. एका शाळेत पाठ्यपुस्तक, फळा, सूत्र आणि सराव. दुसरीत दोन-तीन आठवडे चालणारे प्रकल्प. सोळाव्या वर्षी राष्ट्रीय परीक्षा झाली, तेव्हा प्रकल्पांच्या शाळेत उत्तीर्णांचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त निघाले. दुसऱ्या शाळेतल्या मुलांना सूत्रे पाठ होती, पण प्रश्न थोडा वळवून विचारला की कोणते सूत्र लावायचे ते कळत नव्हते. अर्थात, दोनच शाळांवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढता येत नाही.

तिथले प्रकल्प कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. एक प्रश्न असा : शेतकऱ्याकडे प्रत्येकी १ मीटरचे ३६ कुंपणाचे तुकडे आहेत; जास्तीत जास्त जागा कशी बंदिस्त होईल? १० बाय ८ चा आयत ८० चौरस मीटर देतो, ९ बाय ९ चा चौरस ८१. मग एखादे मूल विचारते, बाजू आणखी वाढवल्या तर? ३६ समान बाजूंची आकृती जवळपास १०३ चौरस मीटर जागा घेते. पण ते मोजायला त्रिकोणमिती लागते. शिक्षक ती नेमकी त्या वेळी शिकवत. भूक लागल्यावर वाढलेले अन्न अंगी लागते, तसेच हे.

म्हणजे शिकवणे थांबवायचे का? मुळीच नाही. याचे कारण मेंदूत आहे. नवी माहिती हाताळणारी कार्यकारी स्मृती एका वेळी साधारण चारच गोष्टी धरू शकते. ज्याचे पाढे आणि अपूर्णांक पक्के नाहीत, त्याची ही जागा आकडेमोडीतच संपते. विचारासाठी काही उरत नाही. १९८० च्या दशकात जॉन स्वेलर यांच्या प्रयोगांत नवशिक्यांना नुसती उदाहरणे सोडवायला देण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासायला दिल्यावर अधिक फायदा दिसला. प्रकल्पात मुलाला वाऱ्यावर सोडले, तर आधीच मागे असलेले मूल आणखी मागे पडते.

गणिताची भीती हीच जागा अडवते. २००१ मध्ये अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांनी दाखवले की गणिताची चिंता असलेल्यांची कार्यकारी स्मृती आकडेमोड करताना तोकडी पडते. ‘मला येत नाही’ ही धास्ती येणारे गणितही अडवते. पेपरच्या दिवशी पोटदुखी, उलट्या किंवा झोप उडणे हे नेहमीच सोंग नसते. मात्र प्रत्येक पोटदुखीला भीतीचे लेबल लावू नये. ती वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. फळा नीट दिसतो का, हेही तपासून घ्यावे. पुरेसा सराव करूनही साधी आकडेमोड जमत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. वेळीच निदान झाले, तर मदत आणि परीक्षेतील सवलती मिळू शकतात.

पालकांना आणि शिक्षकांना काही गोष्टी सहज करता येतील. प्रकल्पाआधी त्याला लागणारी मूळ कौशल्ये पक्की करावीत. प्रश्न लहान पण खरा असावा : घरातल्या गळक्या नळातून महिन्यात किती पाणी वाया जाते? मोजमाप मुलानेच करावे, चुकले तरी. शेवटी त्यातले सूत्र वहीत मांडून त्यावर सराव घ्यावा. आणि गुण सजावटीला न देता, ‘हे उत्तर कसे काढलेस?’ या प्रश्नाच्या उत्तराला द्यावेत. आईकडे न पाहता मूल ते सांगू शकले, तर प्रकल्प त्याचा झाला.