जुन्या खेळांवर चालणारी कंपनी

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हचा 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा व्हिडिओ गेम ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी सुरू होतो. नकाशावर दख्खनेत बहमनी सल्तनत असते, तिच्या दक्षिणेला विजयनगर. आणि नेटाने खेळणाऱ्याला पुढे मराठ्यांचं राज्यही उभं करता येतं. कर, व्यापार, फौज, वारसाहक्क सांभाळत लोक एकेक डाव आठवडेच्या आठवडे खेळतात. कंपनीचं सगळं अर्थकारण या चिकाटीवर चालतं.

हा गेम २०१३ साली आला आणि दहा वर्षांहून अधिक काळ त्यात भर पडत राहिली. पद्धत ठरलेली: नव्या प्रदेशांची किंवा नियमांची भर, म्हणजे 'डीएलसी', विकत, आणि त्याच सुमारास मूळ गेममधल्या सुधारणा सगळ्यांना मोफत. 'क्रुसेडर किंग्ज २' हा मूळ गेम तर २०१९मध्ये फुकट करून टाकला. कमाई राहिली ती डीएलसीवर. त्यामुळे दरवर्षी नवा गेम गाजलाच पाहिजे, असं दडपण कंपनीवर नसतं.

दुसऱ्यांच्या स्टुडिओंमागेही पॅराडॉक्स पैसा उभा करते. फिनलंडमधल्या कोलॉसल ऑर्डरच्या डझनभर माणसांनी केलेला 'सिटीज: स्कायलाइन्स' हा शहर उभारण्याचा गेम २०१५मध्ये आला. दोन वर्षांपूर्वीच्या, त्याच धर्तीच्या 'सिमसिटी'ने निराश झालेले खेळाडू त्याकडे वळले आणि पुढे त्याच्या १ कोटी २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. २०१६मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. सर्वांत मोठे भागधारक फ्रेडरिक वेस्टर आज स्वतःच कारभार पाहतात.

हाताशी पैसा आला तशी कंपनी आपल्या प्रांताबाहेर, वेगळ्या प्रकारच्या गेम्सकडे वळली, आणि तिथेच तिने मार खाल्ला. गेम तयार होत असताना त्यावरचा खर्च वहीत मालमत्ता म्हणून नोंदला जातो. विक्री झाली नाही, की तो नफ्यातून वजा करावा लागतो. २०२३च्या 'लॅम्पलायटर्स लीग'साठी सुमारे ३२ कोटी स्वीडिश क्रोना असे गेले. 'लाइफ बाय यू' २०२४मध्ये बाजारात येण्याआधीच रद्द झाला. २०२५च्या 'ब्लडलाइन्स २'ने आणखी साडेपस्तीस कोटी बुडवले. एवढे फटके खाऊनही कंपनी तगली, कारण जुन्या गेम्सचा पैसा येत होता.

पण ओळखीच्या प्रांतातही सगळं सुरक्षित नसतं. २०२३चा 'सिटीज: स्कायलाइन्स २' अर्धाकच्चा बाहेर पडला. त्याच्या एका डीएलसीवर खेळाडू इतके भडकले, की २०२४मध्ये कंपनीला माफी मागून पैसे परत द्यावे लागले. हा प्रसंग मला त्या बुडीत कोटींपेक्षा गंभीर वाटतो. फसलेल्या प्रयोगाचा तोटा एकदाच सोसावा लागतो. दहा वर्षं डीएलसी घेणारं गिऱ्हाईक दुरावलं, तर पुढच्या प्रत्येक वर्षाची कमाई आटते. मध्यम आकाराच्या प्रकाशकाने मोठ्यांशी बरोबरी करण्याआधी हे गिऱ्हाईक जपावं. नवे प्रयोग करायचं बळ त्याच्याच पैशातून येतं.